नगरसेवक, अंदाजपत्रक आणि नागरिक : हिशेब देण्याच्या प्रश्नाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

महाराष्ट्रातील २९ महानगरपालिकांच्या निवडणुका जानेवारी २०२६ मध्ये पार पडल्या आणि बहुतेक शहरांत चार वर्षांच्या, तर काही ठिकाणी त्याहूनही दीर्घ खंडानंतर लोकनियुक्त नगरसेवक पुन्हा सभागृहात येऊन बसले. निवडणुकीनंतरचे हे दिवसच अंदाजपत्रकाचे असल्यामुळे, नगरसेवकपदाच्या कर्तव्यांपैकी ज्या एका कर्तव्याची चर्चा एरवी फारशी होत नाही, ते कर्तव्य या वेळी साहजिकच पुढे आले आहे. शहराचा पैसा कोठून आला, कोठे गेला आणि आपल्या प्रभागाच्या वाट्याला त्यातील काय आले, हे नगरसेवकाने आपल्या नागरिकांना वेळोवेळी समजावून सांगावे काय. सांगावे तर कोणत्या स्वरूपात, किती तपशिलाने आणि कोणत्या आधारावर. आणि त्याने ते न सांगितल्यास त्याला जाब कोणी विचारावा, असा हा प्रश्न आहे.

वरवर पाहता तो लहान व स्थानिक वाटतो; परंतु त्यात महापालिकेचे कायदे, राज्य शासनाशी असलेले तिचे आर्थिक नाते, निवडणुकीची पद्धत आणि प्रशासनाचे दप्तर ठेवण्याची रीत या चारही गोष्टी गुंतलेल्या असल्याने, एकाच बाजूने पाहून त्याचा निकाल लावता येत नाही. प्रस्तुत लेखात प्रथम या प्रश्नाची पूर्वपीठिका, मग अंदाजपत्रक घडण्याची प्रक्रिया व उत्पन्नाची बदललेली बैठक, त्यानंतर लोकसहभागाचे झालेले प्रयोग आणि अखेरीस प्रचलित भूमिका व अनिर्णित मुद्दे अशा क्रमाने विचार केला आहे. मुख्य उदाहरणे मुंबई व पुणे येथील आहेत, कारण या वादाचे बहुतेक टप्पे याच दोन शहरांत प्रथम दिसले.

पूर्वपीठिका

आपल्याकडील नागरी स्वराज्याचा उगम करदात्यांच्या तक्रारीत आहे, ही गोष्ट या प्रश्नाच्या विचारात आरंभीच लक्षात घेतली पाहिजे. १८६५ च्या कायद्याने मुंबईचा कारभार जस्टिस ऑफ द पीस या मंडळाच्या नावे सोपवला गेला असला, तरी कार्यकारी सत्ता आयुक्ताच्या हाती एकवटली होती. आर्थर क्रॉफर्ड या आयुक्ताने रस्ते, गटारे, मंडई यांची मोठी कामे धडाडीने केली. परंतु खर्च उत्पन्नाच्या पलीकडे गेला, कराचा बोजा वाढला आणि १८७१ मध्ये करदात्यांचा असंतोष उघडपणे प्रकट झाला. त्या वादात तरुण फिरोजशहा मेहता यांनी घेतलेली भूमिका आजही मननीय आहे. आयुक्ताचे हात बांधून टाकावेत असे त्यांचे म्हणणे नव्हते. कार्यक्षम असा एकच कार्यकारी अधिकारी असावा, पण त्याच्यावर करदात्यांनी निवडलेल्या मंडळाची देखरेख असावी, असे ते प्रतिपादन होते. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका स्थापन झाली व त्यांपैकी निम्मे सभासद करदात्यांनी निवडावयाचे ठरले. त्यानंतर आलेला १८८८ चा कायदा अनेक दुरुस्त्यांसह आजही मुंबईला लागू आहे.

पुण्याच्या नगरपालिकेत १८७६ ते १८८२ या काळात महात्मा जोतीराव फुले हे नियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागताप्रीत्यर्थ नगरपालिकेच्या पैशातून खर्च करण्यास त्यांनी विरोध केला आणि तो पैसा शिक्षणासारख्या कामी लागावा असा आग्रह धरला, ही घटना सर्वश्रुत आहे. सभासदाने खर्चाच्या एका बाबीवर बोट ठेवून, हा पैसा कोणाचा व तो कोणासाठी, असे सभेत विचारण्याची परंपरा आपल्याकडे तेव्हापासूनची आहे. १८८२ च्या मे महिन्यात लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्यविषयक ठराव झाला. त्यात स्थानिक संस्थांना राजकीय व लौकिक शिक्षणाचे साधन मानले गेले होते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविले.

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबईखेरीज इतर महानगरपालिकांसाठी १९४९ चा प्रांतिक महानगरपालिका कायदा आला आणि पुण्याची महानगरपालिका १९५० मध्ये अस्तित्वात आली. या कायद्याची घडण मुंबईच्याच धर्तीवर झाली : महापालिकेची मुख्य सभा, स्थायी समिती व आयुक्त ही तीन अधिकारस्थाने, आणि त्यांत आयुक्त हा शासनाने नेमलेला. १ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने या संस्थांना घटनात्मक स्थान मिळाले. पाच वर्षांची मुदत, राज्य निवडणूक आयोग, राज्य वित्त आयोग, तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आणि बाराव्या अनुसूचीतील १८ विषय, अशी ही योजना होती. तथापि सभासदाने सभागृहात जाब विचारावा याची तजवीज जशी दीडशे वर्षांपूर्वीच झाली, तशी सभासदाने आपल्या मतदारांसमोर हिशेब ठेवावा याची तजवीज मात्र पुष्कळ उशिरा व अर्धवट झाली. आजच्या वादाचे मूळ या अंतरात आहे.

अंदाजपत्रक कसे घडते

अंदाजपत्रकाचा मसुदा आयुक्त तयार करतात व तो स्थायी समितीला सादर करतात. १९४९ च्या कायद्याखालील महापालिकांत १६ सभासदांची ही समिती मसुद्यात फेरफार करून तो मुख्य सभेपुढे ठेवते आणि आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वी सभा त्याला मंजुरी देते. करांचे दर मात्र त्याआधी, २० फेब्रुवारीपर्यंत, ठरवावे लागतात. त्यामुळे कराचा निर्णय एका सभेत आणि खर्चाचा निर्णय दुसऱ्या सभेत, असे होते. करवाढ फेटाळण्याचे श्रेय आणि कामे मंजूर केल्याचे श्रेय ही दोन्ही एकाच सभागृहाला वेगवेगळ्या दिवशी घेता येतात, आणि दोहोंची सांगड कशी घालायची हा प्रश्न मार्चअखेर आयुक्तांकडे परत जातो.

आयुक्तांच्या मसुद्यातील जमेचा आकडा स्थायी समिती वाढवते, कारण खर्चाच्या बाजूला कामांची भर घालायची तर जमेची बाजूही तितकीच वाढलेली दाखवावी लागते. वर्षअखेरीस वसुली त्या आकड्यापर्यंत पोहोचली नाही, म्हणजे काही कामे आपोआप मागे राहतात. ती कोणती राहावीत, याचा निर्णय मात्र खुल्या सभेत क्वचितच होतो.

सामान्य नागरिकाला हे सर्व ज्या दस्तऐवजातून समजून घ्यायचे, त्याचे एक पान डोळ्यांसमोर आणावे. डाव्या कडेला अर्थशीर्षाचा क्रमांक, त्यापुढे कामाचे नाव आणि मग ओळीने रकाने : गेल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची तरतूद, सुधारित अंदाज व येत्या वर्षाची तरतूद. मोठ्या प्रकल्पांच्या ओळी स्पष्ट असतात. प्रभागातील कामांच्या ओळी मात्र ‘प्रभागात ठिकठिकाणी मलवाहिनी टाकणे’, ‘विविध ठिकाणी पदपथ दुरुस्त करणे’, ‘आवश्यकतेनुसार दिवाबत्तीची कामे करणे’ अशा धर्तीच्या असतात. काम कोणत्या गल्लीत व्हायचे, किती लांबीचे, कोणत्या महिन्यात, याचा पत्ता त्या ओळीत नसतो. तो नंतरच्या पूर्वगणनपत्रकात व निविदेत असतो. अंदाजपत्रक सार्वजनिक असूनही प्रभागातील माणसाला ते वाचून आपल्या दारासमोर काय होणार हे सांगता येत नाही, याचे कारण बऱ्याच अंशी हे आहे.

याच्याच जोडीला वर्षभर चालणारी, पुण्यात ‘वर्गीकरण’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत आहे. एका शीर्षाखालील तरतूद सभेच्या मान्यतेने दुसऱ्या शीर्षाकडे वळवता येते. अडचणीच्या प्रसंगी ही सोय आवश्यकच असते. पावसाने रस्ता खचला, तर पुढील अंदाजपत्रकाची वाट पाहत बसता येत नाही. परंतु वर्गीकरणाचे प्रस्ताव वर्षाच्या उत्तरार्धात मोठ्या संख्येने येऊ लागले, म्हणजे मार्चमध्ये मंजूर झालेल्या अंदाजपत्रकाचे आणि पुढच्या मार्चमध्ये झालेल्या खर्चाचे नाते सैल होत जाते. नगरसेवकाने एप्रिलमध्ये नागरिकांना दिलेली माहिती फेब्रुवारीत खरी राहीलच, याची खात्री मग त्यालाही देता येत नाही.

उत्पन्नाची बदललेली बैठक

हिशेब खर्चाचा जसा द्यायचा, तसाच जमेचाही. आणि जमेची बाजू गेल्या दीड दशकात मुळापासून बदलली आहे. पूर्वी जकात हा महापालिकांचा मुख्य आधार होता. वाहने नाक्यावर खोळंबतात व भ्रष्टाचाराला वाव मिळतो म्हणून जकातीवर टीका होत असे. तथापि ती रोजच्या रोज शहराच्याच तिजोरीत जमा होत असे. २०१३ मध्ये पुणे, ठाणे, नागपूर आदी शहरांत जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले. आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर मुंबईची जकातही संपुष्टात आली. त्या बदल्यात राज्याने कायदा करून महापालिकांना भरपाई देण्याचे मान्य केले. २०१६–१७ हे आधारवर्ष धरून भरपाईत दरवर्षी ८ टक्क्यांची वाढ चक्रवाढीने करावयाची, असे त्याचे सूत्र आहे. या सूत्राने मूळ रक्कम सुमारे नऊ वर्षांत दुप्पट होते, ही महापालिकांच्या दृष्टीने निश्चिततेची गोष्ट खरी. पण शहरातील व्यापार वाढला वा घटला तरी त्याचे प्रतिबिंब या रकमेत पडत नाही आणि ती ठरवण्यात शहराच्या सभागृहाचा काहीही हात नसतो.

यामुळे महापालिकेच्या स्वतःच्या करांत मालमत्ता कर, ज्याला पुण्यात मिळकतकर म्हणतात, हाच प्रमुख उरला. त्यावरील निर्णयही पुष्कळदा राज्याच्या पातळीवर होतात. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांना १ जानेवारी २०२२ पासून या करातून सूट मिळाली. पुण्यात स्वतःच्या वापरातील घरांना १९७० पासून मिळत असलेली ४० टक्क्यांची सवलत मध्यंतरी बंद झाली व २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयाने पुन्हा सुरू झाली. मुंबईतील भांडवली मूल्यावर आधारित करपद्धतीच्या काही नियमांवर उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आक्षेप घेतला आणि २०२२ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. या सर्व घडामोडींत लहान घरमालकांना दिलासा मिळाला हे निर्विवाद आहे. पण त्या दिलाशाची किंमत कोणत्या कामातून वजा झाली, हे नागरिकांना सांगण्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर कोठेही स्पष्ट नाही.

रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये महापालिकांच्या अर्थव्यवहारावर प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतातील नागरी संस्थांचे उत्पन्न व खर्च एक दशकाहून अधिक काळ सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे एक टक्क्यावर स्थिरावल्याचे म्हटले आहे. ब्राझीलमध्ये हेच प्रमाण ७.४ टक्के व दक्षिण आफ्रिकेत ६ टक्के आहे. या तौलनिक आकड्यांतून निघणारा निष्कर्ष असा की, नगरसेवकाला ज्या रकमेबद्दल जाब विचारला जातो ती मुळातच मर्यादित आहे आणि त्यातील बराच भाग त्याच्या नियंत्रणाबाहेरचा आहे.

प्रभागातील खर्च आणि कार्य अहवाल

नगरसेवकाचा नागरिकांशी पैशासंबंधीचा प्रत्यक्ष संबंध येतो तो प्रभागासाठी सुचवलेल्या कामांतून. मुंबईत नगरसेवक निधी, पुण्यात ‘स’ यादीतील व वॉर्डस्तरीय कामे, अशी या तरतुदींची निरनिराळी नावे आहेत. त्यांतून पेव्हर ब्लॉक, विजेचे दिवे, गल्लीच्या तोंडाशी बसणारे नामफलक, सोसायट्यांना दिली जाणारी बाकडी, ओला व सुका कचरा वेगळा ठेवण्यासाठी वाटलेल्या बादल्या, उद्यानांतील व्यायामाची साधने अशी कामे होतात. ही कामे निरर्थक मानणे अन्यायाचे होईल. वस्तीतील अंधार नाहीसा करणारा एक दिवा तेथील स्त्रियांना आणि वृद्धांना पुलापेक्षा अधिक मोलाचा वाटू शकतो.

नगरसेवक वर्षाच्या किंवा मुदतीच्या शेवटी घरोघर जो कार्य अहवाल पोहोचवतात, त्यात प्रायः याच कामांचा समावेश असतो. गुळगुळीत कागदावर छापलेल्या अशा पुस्तिकेत भूमिपूजनाची व उद्घाटनाची छायाचित्रे, कामांची यादी आणि प्रत्येक कामापुढे लाखांतील रक्कम असते. ती रक्कम मंजूर तरतुदीची की निविदेची की प्रत्यक्ष अदा केलेल्या देयकाची, याचा खुलासा बहुधा नसतो. जे काम मागे राहिले, त्याचा उल्लेख नसतो. आणि पाणीपुरवठा, घनकचरा, सार्वजनिक आरोग्य, शिक्षण या शीर्षांवर प्रभागाच्या नावे किती खर्च पडला, याचा आकडा तर नगरसेवकाने मनापासून शोधला तरी त्याला मिळत नाही, कारण महापालिकेचे हिशेब खातेनिहाय ठेवलेले असतात, प्रभागनिहाय नाही. अहवालातील या उणिवेचा दोष केवळ प्रतिनिधीच्या माथी मारता येत नाही. दप्तराची रचनाच त्याला अपुरी माहिती पुरवते.

यात बहुसदस्यीय प्रभागाची गुंतागुंत आणखी भर घालते. मुंबईत २२७ प्रभाग व तितकेच नगरसेवक आहेत. पण इतर शहरांत २००२ मध्ये तीन सदस्यांचा, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोघांचा आणि २०१७ पासून बहुतांशी चौघांचा प्रभाग अशी पद्धत बदलत गेली. पुण्यात आज ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडले जातात. चार प्रतिनिधी एकाच प्रभागाचे, कदाचित निरनिराळ्या पक्षांचे, असताना एका रस्त्याचा हिशेब नेमका कोणाकडे मागायचा, असा प्रश्न नागरिकाला पडतो. मोठ्या प्रभागामुळे संकुचित हितसंबंध मागे पडतात व नियोजनाला व्यापक क्षेत्र मिळते, असे या पद्धतीचे समर्थक म्हणतात. उत्तरदायित्व विभागले जाऊन विरळ होते, असे टीकाकार म्हणतात.

प्रभाग समिती, क्षेत्र सभा आणि लोकसहभागी अंदाजपत्रक

नागरिकांना आधी विचारावे व नंतर सांगावे, यासाठी झालेले प्रयत्न तीन प्रकारचे आहेत. पहिला प्रभाग समित्यांचा. ७४ व्या घटनादुरुस्तीनुसार त्या स्थापन झाल्या आणि स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी त्यांत नियुक्त करण्याची सोयही कायद्यात आहे. परंतु एकेका समितीखाली अनेक प्रभाग येत असल्याने तिला प्रभागाचे नाव असले तरी तिचा आवाका लहानशा नगरपालिकेएवढा होतो आणि सामान्य नागरिकाला तेथे सहज शिरकाव मिळत नाही.

दुसरा प्रयत्न क्षेत्र सभांचा. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानाने राज्यांना लोकसहभागाचा कायदा करण्याची अट घातली आणि महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका कायद्यांत तशी दुरुस्ती केली. गावाला जशी ग्रामसभा, तशी शहरातील मतदारांना आपल्या वस्तीच्या पातळीवर सभा असावी, तीत त्यांनी उणिवा दाखवाव्यात व कामांचा अग्रक्रम सुचवावा, ही त्यामागील कल्पना. कायदा झाला, पण क्षेत्र सभा बहुतेक शहरांच्या नित्य व्यवहाराचा भाग झाल्या नाहीत. तत्पूर्वीच, २००७ मध्ये, जुहूच्या नागरिकांनी आपल्यातून उभे केलेले अ‍ॅडॉल्फ डिसूझा हे मुंबई महापालिकेवर निवडून आले होते. त्या प्रयोगाने मोहल्ला पातळीवरील सभांची शक्यता लोकांपुढे ठेवली, तरी त्याचे अनुकरण इतरत्र मोठ्या प्रमाणावर झाले नाही.

तिसरा प्रयत्न पुण्याच्या लोकसहभागी अंदाजपत्रकाचा. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्री या शहरात १९८९ पासून सुरू झालेल्या पद्धतीची प्रेरणा घेऊन आयुक्त नितीन करीर यांच्या कारकिर्दीत, २००६–०७ च्या अंदाजपत्रकापासून, पुण्यात हा उपक्रम सुरू झाला. नागरिकाने क्षेत्रीय कार्यालयातून अर्ज घ्यावा, पदपथ, दिवे, बसथांबा, स्वच्छतागृह असे आपल्या परिसरातील काम सुचवावे, आणि छाननीनंतर योग्य ठरलेले काम पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात यावे, अशी ही रीत. एका कामासाठी पाच लाख रुपयांची मर्यादा ठेवण्यात आली. उपक्रम इतकी वर्षे टिकला हीच त्याची मोठी मिळकत. पण २०२५–२६ चे पुण्याचे अंदाजपत्रक १२,६१८ कोटी रुपयांचे होते हे लक्षात घेतले, म्हणजे लोकसहभागाच्या वाट्याला आलेले क्षेत्र किती अरुंद आहे ते कळून येते. सुचवलेले काम स्वीकारले की नाकारले, नाकारले तर का, आणि स्वीकारलेल्याचे पुढे काय झाले, हे सुचवणाऱ्याला लेखी कळवण्याची निश्चित व्यवस्था नसल्याची तक्रार अनेक वर्षे ऐकू येते.

प्रमुख भूमिका

या साऱ्या अनुभवातून चार भूमिका स्पष्टपणे पुढे आलेल्या आहेत. पहिली भूमिका प्रातिनिधिक लोकशाहीची. नगरसेवक हा सभागृहात शहराचा विचार करण्यासाठी पाठवलेला प्रतिनिधी आहे. दर तीन महिन्यांनी त्याने गल्लीसमोर उभे राहून एकेका बाबीचा खुलासा करायचा ठरवले, तर तो शहराचा विश्वस्त न राहता वस्तीचा मुनीम होईल, आणि सभेला येणाऱ्या मोजक्या, मोकळा वेळ असलेल्या लोकांचे मत हेच प्रभागाचे मत ठरेल. पाच वर्षांनी होणारी निवडणूक हाच त्याचा खरा हिशेब, असे हा पक्ष मानतो.

दुसरी भूमिका थेट सहभागाची. पाच वर्षांनी एकदा दिलेल्या मताने एका नाल्याच्या कामाचा जाब विचारता येत नाही, कारण मत देताना पक्ष, जात, उमेदवाराचा संबंध अशा अनेक गोष्टी एकत्र येतात. म्हणून क्षेत्र सभा नियमित व्हाव्यात आणि त्यांत प्रभागाचा जमाखर्च वाचून दाखवावा, असे तिचे म्हणणे. मुंबईत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात घाटकोपरच्या जोशी लेनमधून सुरू झालेली परिसर व्यवस्थापनाची चळवळ आणि निरनिराळ्या शहरांतील नागरिक मंच यांचा भर याच बाजूला आहे.

तिसरी भूमिका प्रशासकीय शिस्तीची. जलशुद्धीकरण, मलनिःसारण, मोठे रस्ते ही कामे प्रभागाच्या सीमा ओळखत नाहीत. प्रभागनिहाय मागणी वाढली की तरतुदींचे तुकडे पडतात आणि दीर्घ मुदतीची कामे मागे राहतात. लेखापरीक्षित हिशेब वेळेवर प्रसिद्ध करणे आणि निविदा व देयके सर्वांना पाहता येतील अशी ठेवणे, हा हिशेब देण्याचा अधिक विश्वसनीय मार्ग आहे, असे या मताचे लोक म्हणतात. पंधराव्या वित्त आयोगाने नागरी संस्थांच्या अनुदानासाठी लेखे संकेतस्थळावर उपलब्ध करण्याची अट घातली, ती याच विचाराला धरून.

चौथी भूमिका वित्तीय स्वायत्ततेची. जो स्वतः पैसा उभारतो, त्यालाच त्याचा जाब विचारता येतो. करांच्या सवलती वरून ठरणार, भरपाईचे सूत्र वरून येणार, मोठ्या योजनांचे निकष वरून येणार, मग नगरसेवकाने दिलेला हिशेब अपुराच राहणार. २०१७ मध्ये पुण्याने चोवीस तास पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे उभारले, तेव्हा कर्ज देणाऱ्यांना महापालिकेच्या लेख्यांची कसून तपासणी करावी लागली. स्वतःच्या जबाबदारीवर पैसा उभारला की हिशेबाची शिस्त पाठोपाठ येते, याचे उदाहरण म्हणून हा पक्ष त्याकडे पाहतो.

प्रशासकांचा कालखंड

या भूमिकांची अनपेक्षित कसोटी मधल्या वर्षांत लागली. मुंबई व पुणे येथील सभागृहांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. नवी मुंबई, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), कोल्हापूर अशा काही शहरांची त्याआधीच, २०२० मध्ये, संपली होती. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा व प्रभागरचनेचा वाद न्यायालयात राहिल्याने निवडणुका लांबल्या आणि स्थायी समिती व मुख्य सभा या दोहोंचे अधिकार प्रशासकाकडे आले. मसुदा सादर करणारा आणि त्याला मंजुरी देणारा एकच अधिकारी, अशी स्थिती निर्माण झाली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिल्यावर तिचा शेवट दृष्टिपथात आला.

याच कालखंडात मुंबईचे अंदाजपत्रक २०२२–२३ मधील ४५,९४९ कोटी रुपयांवरून २०२५–२६ मध्ये ७४,४२७ कोटींवर, म्हणजे सुमारे ६२ टक्क्यांनी वाढले, आणि त्यातील अर्ध्याहून अधिक रक्कम भांडवली कामांसाठी राखली गेली. निर्णय झपाट्याने झाले व मोठ्या प्रकल्पांना गती मिळाली, असे प्रशासनाच्या बाजूने सांगितले जाते. इतक्या मोठ्या दायित्वाची चर्चा कोणत्याही लोकनियुक्त सभेत झाली नाही व प्रभागातील किरकोळ तक्रार नेमकी कोणाकडे न्यावी हे लोकांना कळेनासे झाले, असे दुसऱ्या बाजूने सांगितले जाते. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, आणि नव्या सभागृहांना या दोहोंचा वारसा मिळाला आहे.

अनिर्णित मुद्दे

आता जे प्रश्न खुले राहतात त्यांची नोंद करणे क्रमप्राप्त आहे. पहिला प्रश्न कायद्याचा : क्षेत्र सभेची तरतूद असताना ती अमलात आणण्याची सक्ती कोणी करावी, राज्य शासनाने, महापालिकेने की न्यायालयाने? दुसरा प्रभागरचनेचा : चार सदस्यांच्या प्रभागात सामाईक अहवाल द्यावा की प्रत्येकाने आपापला, आणि सामाईक द्यायचा तर त्याचे उत्तरदायित्व कोणावर? तिसरा न्याय्यतेचा : सभेला येऊ न शकणारे मोलमजूर, भाडेकरू, वस्तीतील स्त्रिया यांचा आवाज अग्रक्रम ठरवताना कसा ऐकला जावा? दुर्बल घटक, महिला व बालकल्याण आणि दिव्यांग यांच्यासाठी राखून ठेवलेल्या निधीचा प्रत्यक्ष विनियोग हा याच प्रश्नाचा एक भाग आहे. चौथा मोठ्या प्रकल्पांचा : संपूर्ण शहराच्या पैशातून होणाऱ्या भुयारी मार्गाचा किंवा नदीकाठ सुधारणेचा हिशेब प्रभागातील नगरसेवकाने कोणत्या अधिकाराने द्यावा?

या चार प्रश्नांच्या मुळाशी मात्र एक पाचवा प्रश्न आहे आणि प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचा निकाल आधी लागला पाहिजे. तो म्हणजे दप्तराचा. थेट सहभागाचा पुरस्कर्ता असो वा प्रातिनिधिक पद्धतीचा, शिस्तीचा आग्रही असो वा स्वायत्ततेचा, प्रत्येकाच्या युक्तिवादाला आधार म्हणून जी माहिती लागते, ती म्हणजे तरतूद नव्हे, तर प्रत्यक्ष झालेला खर्च, आणि तोही प्रभागनिहाय. दुहेरी नोंदपद्धती आणि संगणकीय देयके रुळलेल्या काळात प्रत्येक देयकापुढे प्रभागाचा क्रमांक व कामाची निश्चित जागा नोंदवणे, आणि वर्गीकरणाने वळवलेली रक्कम कोठून निघून कोठे गेली हे त्याच नोंदीत दाखवणे, ही अशक्य कोटीतील गोष्ट नाही. अनेक प्रभागांना समाईक असलेल्या खर्चाची विभागणी कशी करावी याबद्दल लेखापालांत मतभेद होतील, पण ते मतभेद सोडवता येण्याजोगे आहेत.

अशी नोंद नसताना घेतलेली क्षेत्र सभा आश्वासनांची देवघेव होऊन बसते आणि छापलेला कार्य अहवाल छायाचित्रांचा संग्रह. अशी नोंद असली, तर प्रामाणिक नगरसेवकाला नागरिकांपुढे उभे राहून ‘हे झाले, हे राहिले, आणि या कारणाने राहिले’ असे निःसंकोच सांगता येईल व नागरिकालाही रागाऐवजी आकड्यांच्या आधारे प्रश्न विचारता येईल. नवीन सभागृहांच्या पहिल्या पूर्ण आर्थिक वर्षाचे सुधारित अंदाज जेव्हा स्थायी समित्यांपुढे येतील, तेव्हा एखाद्या जरी महापालिकेने तरतुदीच्या रकान्याशेजारी प्रभागनिहाय प्रत्यक्ष खर्चाचा रकाना जोडला, तरी दीर्घकाळ रेंगाळलेल्या या वादाला निश्चित पायावर पुढे नेणे शक्य होईल. आणि तशी मागणी सभेत ठरावाच्या रूपाने मांडणे हे कोणत्याही पक्षाच्या नगरसेवकाच्या अधिकारात आजही आहे.